कुजण्याची चाचणी

४ ऑगस्ट
आले एकदाची! हॉस्टेलची खोली दुसऱ्या मजल्यावर, खिडकी ऐसपैस, नळाला चक्क गरम पाणी. चादर घातली, पुस्तकं लावली आणि आईला फोन केला. तिचा पहिला प्रश्न, केसांना तेल लावलंस का? माझी वेणी कमरेखाली जाते आणि आईला पोटच्या पोरीपेक्षा तिची काळजी जास्त.

उद्यापासून पीएचडी. विषय, केसांपासून प्लास्टिक. नेहमीचं प्लास्टिक खनिज तेलातून येतं, ते तेल संपणार आणि प्लास्टिक मात्र उरणार. केस पुन्हा पुन्हा उगवतात. त्यांच्यापासून केलेलं प्लास्टिक काम झालं की मातीत कुजून जाईल. हे ऐकून मामा आधी खूप हसला, मग स्वतःच्या टकलावरून हात फिरवायला लागला.

९ ऑगस्ट
लॅबमध्ये कोणी माझी वाट बघत नव्हतं. गाइड सरांनी मान वर न करताच बोटाने जागा दाखवली, ती सिंकच्या शेजारी. कोणीही हात धुतले की शिंतोडे माझ्या वहीवर. माझ्याआधी चार वर्षं इथे असलेली एक सिनियर आहे. साधा चिमटा मागितला तर ती कपाटाला कुलूप लावून जेवायला गेली. मी मनात तिचं नाव महाराणी ठेवलंय.

काम असं. सलूनमधून पोत्यांनी केस येतात. ते धुवायचे, बारीक कापायचे, औषधात विरघळवायचे. तेव्हा सडक्या अंड्यांसारखी घाण सुटते. मग ग्लिसरीन घालून गरम प्रेसमध्ये दाबलं की पातळ कागदासारखी फिल्म निघते. पण पोत्यात कलप लावलेले, पिकलेले, पोराटोरांचे, सगळे केस एकत्र. आजची फिल्म चिवट, तर उद्याची पापडासारखी मोडते. सर सगळ्यांसमोर म्हणाले की तीन सारख्या फिल्म जमत नसतील तर मी सरळ सलून उघडावं. सगळे हसले, महाराणी सगळ्यात जास्त वेळ.

२ सप्टेंबर
झक मारत गेलं ते सलून. आज मी माझीच वेणी मुळापासून कापली.

एकच डोकं, एकच कच्चा माल. अर्धी वेणी वापरली, अर्धी लॅबच्या कपाटात ठेवली. फिल्म निघाल्या त्या मधाच्या रंगाच्या, नितळ, कशाही वाकवा, पुन्हा सरळ. आणि सगळ्या अगदी सारख्या. सर पहिल्यांदाच माझ्याकडे बघून बोलले. महाराणीचा चेहरा तर बघण्यासारखा झाला होता. आईला काही सांगितलेलं नाही. डोकं हलकं वाटतंय आणि मी मनापासून खूश आहे.

५ सप्टेंबर
आज माझ्या फिल्मच्या पट्ट्यांची ताणाची चाचणी. यंत्र पट्टीची दोन टोकं पकडतं आणि तुटेपर्यंत खेचतं. यंत्रावर महाराणी होती, मी पाठमोरी बसून लिहीत होते. अचानक, वेणी अजून डोक्यावरच असल्यासारखी, कोणीतरी ती मुठीत धरून ओढायला लागलं. मागे वळले तर कोणीच नाही. डोळ्यांतून पाणी आलं. तिकडे पट्टी तट्कन तुटली आणि इकडे कळ थांबली.

दुसऱ्या पट्टीला तेच. तिसरीला मी ओरडलेच. महाराणी म्हणाली की नाटकं करायची तर बाहेर जाऊन कर.

११ सप्टेंबर
काल जेवताना छाती भरून आली, श्वास घेता येईना. त्याच वेळी लॅबमध्ये पट्ट्या पाण्यात बुडवल्या होत्या. आज खोलीत झोपले होते, तर पाठ भाजायला लागली. शर्ट वर करून आरशात बघितलं तर फोड. धावत गेले. भट्टी सुरू होती आणि पट्ट्या आत. केस विरघळवले, प्रेसमध्ये दाबले, तेव्हा काहीच दुखलं नव्हतं; फिल्म झाल्यावरच हे सुरू झालंय.

मग मी एका पट्टीला टाचणी टोचून पाहिली. माझ्या मानेतून रक्त आलं.

थेट सरांकडे गेले आणि फोड दाखवले. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं की कळ नेमकी कोणत्या तापमानाला सुरू झाली, ते टिपून ठेवलंय का.

१४ सप्टेंबर
पीएचडी गेली खड्ड्यात. सरांना सांगितलं की मी सोडून जाते, फक्त माझ्या पट्ट्या आणि उरलेली वेणी द्या. ते म्हणाले की लॅबमध्ये आलेली वस्तू लॅबची. जाळून टाकाव्यात, तर जळणार मीच. आणि आता एकच चाचणी राहिलीय, मातीची. हात जोडले. तेव्हा म्हणाले,

"कुजलंच नाही, तर ते प्लास्टिक काय कामाचं?"

महाराणीने तीन कुंड्यांत खतमाती भरली. पट्ट्या आत ठेवल्या, वर माती घालून तळव्याने छान थापली. माझ्या छातीवर दाब आला. मी तिथेच उभी होते आणि मला कोणी धरून ठेवलेलं नव्हतं. तरी मी हलले नाही, इतकी घाबरले होते.

१८ सप्टेंबर
रोज देवाला सांगते, कुजू देऊ नकोस. आपला प्रयोग फसावा म्हणून देव पाण्यात ठेवणारी मी पहिलीच असेन.

नखांच्या आत खाज सुटलीय. तोंडाला ओल्या मातीचा वास. घासून घासून हिरड्या सोलल्या, वास जात नाही.

२१ सप्टेंबर
सरांनी एक पट्टी उकरून उजेडात धरली. भोकं पडली होती. इतके खूश झाले की सगळ्यांना चहा दिला, मलासुद्धा.

माझ्या पोटरीवर तशीच भोकं. दुखत नाही, हेच भयंकर आहे. टॉवेलने पुसलं तर कातडी टॉवेललाच आली. डॉक्टर म्हणाले, बुरशी आहे, मलम लावा.

२३ सप्टेंबर
सगळे जेवायला गेले तेव्हा कुंड्या उचलल्या. माती चाळून तुकडा न् तुकडा काढला. धुतला, वाळवला, डब्यात घालून हॉस्टेलच्या फ्रीजमध्ये ठेवला. दात वाजतायत, तोंड कोरडं पडलंय — पण थांबलं! पोटरीवर खपली धरतेय.

बाथरूममध्ये बसून पोटभर रडले. आईला फोन केला, म्हटलं घरी येतेय. का, ते तिने विचारलं नाही. बरं झालं.

२५ सप्टेंबर
सर ओरडले नाहीत. म्हणाले, ठेव तो डबा तुझ्याकडेच, आता त्याची गरज नाही.

महाराणीने जिन्यात गाठलं. माझ्याकडे बघत नव्हती. खालच्या आवाजात म्हणाली,

"अगं, तुला खरंच लागत होतं का?"

मग तिनेच सांगितलं, कपाटातल्या उरलेल्या वेणीच्याही फिल्म केल्यात. तिनेच केल्या, तिनेच पाकिटांत भरल्या. बाहेरच्या लॅबमध्ये तोच निकाल आला तरच कोणी विश्वास ठेवतं, म्हणून सरांनी पाकिटं कुठे कुठे धाडली. किती, तिला आठवत नाही. पत्ते सरांनी घातले. ती रडायला लागली. मी तिला ढकलून दिलं.

२८ सप्टेंबर
पहिलं पोचलं असावं. कुठल्या गावात, कोण जाणे. कोणीतरी सज्जन माणूस वर माती थापतोय —

गाडीचं तिकीट काढलं होतं. जिना उतरता येत नाही. पायाचं बोट मोज्यातच राहिलं.

१ ऑक्टोबर
आणखी दोन. की तीन. डावा कान ऐकत नाही. आईचा फोन वाजतोय, तो उचलायला बोटं —

त्यांना सांगायला हवं. त्या सगळ्यांना. पण कुणाला —

३ ऑक्टोबर
दारावर थाप. सर. बाहेरूनच सांगतायत, सगळीकडून निकाल सारखे आलेत, अभिनंदन. सगळ्यांना आणखी नमुना हवाय —

माझ्याकडे आता देण्यासारखं काही —

डोक्याला हात लावला. खुंट वाढलेत. सगळं कुजतंय आणि हे मेले वाढतायत. बोटभर — भराभरा —

कडी सरकवायला उठले. हातात जोर नाही. दार उघडतंय. महाराणी पुढे आहे, रडतेय, माझी माफी मागतेय, पण हातात कात्री आ