डोक्यानं मारलेले गोल

माधवनगर,
१० मार्च १९९९

प्रिय राजरत्न,

सावकाश वाच. दमलास तर ठेव, उद्या परत वाच. एमी जवळ असेल तर तिलाही अर्थ सांग, नवऱ्याच्या लहानपणीचं ऐकायला तिला आवडेल.

इथं ऊन तापायला लागलंय. गिरणीमागच्या मैदानावर आता सगळे क्रिकेटच खेळतात. तुमच्या वेळी आधी बाभळीचे काटे वेचायचे आणि मग फुटबॉल सुरू व्हायचा. तू सगळ्यांत उंच. चेंडू वर आला की तो पायाशी यायची वाट न बघता डोकं घालायचास. आई गिरणीतली पाळी संपवून यायची, केसांत कापसाचे तंतू तसेच, आणि कडेला उभी राहून म्हणायची, "आरं, डोसकं हाय का नारळ?" पोरं हसायची. तूही हसायचास, आणि पुढचा गोल परत डोक्यानंच.

मिरजेच्या स्पर्धेत त्या अमेरिकन प्रशिक्षकानं तुला पाहिलं, तिकडच्या कॉलेजनं शिष्यवृत्ती दिली. पुढं तू तिथल्या व्यावसायिक संघांत खेळलास. वर्तमानपत्रांची कात्रणं पाठवायचास. आईला इंग्रजी कुठलं यायला? पण फोटोत तुझे पाय जमिनीवर नसले की म्हणायची, "ह्यात गोल झालाय बग." मी खालचा मजकूर वाचायची. बहुतेक वेळा तिचंच खरं निघायचं.

गेल्या वर्षी खेळ सोडलास तेव्हा तू गुडघ्याचं कारण सांगितलंस. एमीनं नंतर खरं काय ते कळवलं. दोनदा मैदानावर बेशुद्ध पडलास, तरी पुढच्या आठवड्यात पुन्हा उतरलास. आता घराचा रस्ता चुकतोस. डॉक्टर म्हणतात, इतक्या वर्षांचा मार डोक्यात साठलाय. शाळेत माझ्या वर्गाबाहेर कुणी डोक्यानं चेंडू मारला, तर मी फळा सोडून धावत जाते. मुलांना वाटतं, बाईंना काय झालं.

राजा, रविवारी तू फोनवर म्हणालास, "ताई, आईला दे." मी म्हटलं, बाहेर गेलीय. तू म्हणालास, "बरं, थांबतो." आणि थांबलास. मी रिसीव्हर कानाला लावून तशीच उभी राहिले, शेवटी एमीनं तुझ्याकडून फोन घेतला. तोंडातून निघेना, म्हणून लिहितेय. आई गेली रे. दोन वर्षं होत आली. तू आला होतास. वेळेवर पोचला होतास, तिनं तुला ओळखलं, तुझ्या हातून पाणी प्यायली. पुढचा खांदा तुझाच होता. भन्तेजींच्या मागोमाग तू सगळी वंदना न चुकता म्हटलीस. तिची भेट राहून गेली असं मनात आणू नकोस. हे तुला आता नव्यानं कळणार आणि तितकंच रडू येणार, ठाऊक आहे मला. परत विसरलास तर परत विचार. मी परत सांगेन.

तुझीच,
ताई