तळघरातला अखंड उजेड

२८ नोव्हेंबर
सूर्य काल गेला, आता दोन महिने उगवणार नाही. ठरल्या दिवशी गेला. या इमारतीत वेळ पाळणारं दुसरं कोणी नाही.

तळघरातल्या खोलीत माझा पालक उगवला. समोरच्या फळीवर आयलर्टचा. आयलर्ट म्हणजे माझ्या वरच्या मजल्यावरचा, निवृत्त दातांचा डॉक्टर. आमच्या इमारतीच्या सोसायटीची अध्यक्ष योरुन हिला ही खोली हवी आहे. कशाला, तर बर्फावर घसरायच्या स्कींना मेण चोळायला! निकाल जानेवारीत, सूर्य परत येईल त्या दिवशीच्या मीटिंगमध्ये. त्या दिवशी रिवाज म्हणून सगळे गोड बन खातात. यंदा बनबरोबर माझ्या पालकाचं सूप. सूप प्यायल्यावर खोली बंद करा म्हणायला कोणाची जीभ उचलेल? मी जन्मभर हायस्कुलात गृहशास्त्र शिकवलं आहे. माणसं कुठून वळतात ते मला ठाऊक आहे.

३० नोव्हेंबर
आयलर्टने त्याच्या रोपांवरच्या दिव्याला टायमर लावला. दहा तास उजेड, बाकी काळोख. कारण विचारलं. म्हणाला, अगं, रोज जिने उतरून दिवा कोण लावणार आणि कोण विझवणार? शुद्ध आळस.

माझा दिवा चोवीस तास चालू राहणार. जूनमध्ये इथे ट्रॉम्सोत सूर्य मावळत नाही आणि कोबी माणसाच्या डोक्याएवढा होतो. हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. दातांच्या डॉक्टरला कळत नाही.

६ डिसेंबर
विरळणी केली. मरतुकडी रोपं उपटून बाजूला टाकली. आयलर्ट म्हणाला, टाकतेस कशाला, मला दे. दिली. जाताना फार गोड हसला. एवढं गोड हसायचं कारण काय?

९ डिसेंबर, सकाळ
माझा दिवा बंद!

दुपारी आयलर्टला जिन्यात गाठलं. त्याने लगेच कबूल केलं. म्हणे, वाटलं तू विसरलीस. आणि वर, त्यांनाही जरा झोपू दे की, बिचारी! मीटिंगमध्ये घोरणाऱ्या माणसाने झोपेवर बोलू नये, असं मी स्पष्ट सांगितलं.

बटणावर चिकटपट्टी लावली. खाली चिठ्ठी: "हात लावू नये. सही, बोर्गहिल्ड."

१४ डिसेंबर
माझी रोपं आयलर्टच्या रोपांपेक्षा उंच. दुप्पट. अपेक्षितच होतं.

योरुन डोकावून गेली. खोलीची लांबी पावलांनी मोजत होती. मी विचारलं, काय शोधतेस? काही नाही गं, म्हणाली, पाय मोकळे करतेय. बाहेर एवढा मोठा डोंगर सोडून तळघरात पाय मोकळे करणारी बाई!

२० डिसेंबर
नवी पानं छोटी येताहेत आणि टोकदार. याचा अर्थ एकच. मोठी पानं कोणीतरी खुडून नेतंय.

फळीपुढे मैदा पसरला.

२१ डिसेंबर
पाऊल उमटलं! लोकरी मोज्याचं. टाचेवरची वीण मी ओळखली, कारण ती माझीच आहे. असे मोजे मी गेल्या नाताळात विणून घरोघर वाटले. म्हणजे संशयित: सगळी इमारत.

यंदा मोजे कोणालाही नाहीत.

२७ डिसेंबर
आयलर्टची पानं तळहाताएवढी, गडद, मांसल. त्यातली अर्धी रोपं मी फेकलेली. त्याच बियांची, त्याच दिवशी पेरलेली. हे कसं शक्य आहे? त्याने अदलाबदल केली असणार. चांगली उचलली, मरतुकडी माझ्या कुंडीत खोचली. विरळणी मी स्वतः, माझ्या हातांनी केली होती, ही अडचण आहे. पण माझी पाठ वळली असेल.

३ जानेवारी
रोपं गुडघ्यापर्यंत आली. शेंड्याला हिरवे मणी. बहुधा ताकदीचे.

पान चाखलं. कडू. लोह असणार.

आयलर्ट मागे येऊन उभा राहिला आणि हसायला लागला. म्हणाला, अगं बोर्गहिल्ड, हे फुलायला लागलंय! तू त्याला रात्रच ठेवली नाहीस, त्याला वाटलं जून आला, आता बी धरून मोकळं व्हावं. कोबीचं सोड, जूनमध्ये पालक कोणाकडे टिकलाय?

आईच्या बागेतला पालक जूनमध्ये फुलायचा खरा. पण आईचं बागेकडे लक्ष नसे.

आणि आयलर्टला हे सगळं एकाएकी कुठून कळलं? योरुनने पढवलं असेल. दोघं काल जिन्यात बोलत होते. मला पाहून गप्प झाले.

८ जानेवारी
दुसरा दिवा आणला. उजेड कमी पडत होता.

१५ जानेवारी
फुलं आली. बारीक, पिवळट. देठ दोरीसारखे. एक देठ अर्धा तास उकळला. दोरीच राहिला.

सूप घट्ट व्हायला बटाटे घालावेत का? मग नुसते बटाटेच का घालू नयेत? नको. योरुन भांड्यात वाकून बघेल.

१८ जानेवारी
आयलर्ट दारात. म्हणाला, माझा पालक घे सुपाला, खोली गेली तर दोघांचीही जाईल. एवढा उदार माणूस मी पाहिला नाही, म्हणून दार लावलं. पुन्हा घंटा वाजवून म्हणाला, बरं बाई, मग सूप मीच करतो, तू फक्त ये.

करू दे. दातांच्या डॉक्टरला सूप काय जमणार?

२१ जानेवारी
साडेअकराच्या सुमारास डोंगरावर सूर्य दिसला. सगळे टाळ्या वाजवत होते. मी नाही. त्यात त्याचं काय कर्तृत्व?

मीटिंगला मी माझी रोपं मुळासकट घेऊन गेले. लोकांनी उंची बघावी म्हणून. योरुनने ती माझ्या हातातून घेतली, किती छान सजावट आणलीस म्हणाली, आणि फुलदाणीत खोचून टेबलाच्या मधोमध ठेवली. दोघीतिघींनी फुलांचं नाव विचारलं. मी सांगितलं नाही.

सूप बरं होतं. मी दोनदा घेतलं, तपासणीसाठी.

मतदान झालं. खोली भाजीलाच राहिली. स्कीवाले फक्त चार, त्यातल्या दोघांच्या मिशांना सूप. योजना माझी, हे कोणी बोललं नाही, पण सगळ्यांना माहीत आहे.

नंतर योरुन पुन्हा उभी राहिली. माझं नाव घेतलं. इतके आठवडे बोर्गहिल्डने केवढे कष्ट घेतले, वगैरे. तेवढ्यात कोणीतरी कॉफी ओतत होतं, पुढचं नीट ऐकू आलं नाही. मागाहून कळलं, ठराव असा होता: यापुढे खोलीतले सगळे दिवे आयलर्टच्या ताब्यात. बोर्गहिल्डने बटणांना हात लावू नये, फरशी पुसावी.

एकमताने मंजूर. माझाही हात वर होता. मला वाटलं, आभाराचा ठराव आहे.