थांबवण्यासाठी थांबा

२ जून, सोमवार. सकाळी ७.१०

आजपासून रोज लिहायचं आणि खरं लिहायचं. दुसरं कुणी वाचणार नाही, म्हणजे खोटं लिहून फायदाही नाही.

विकास ट्रॅव्हल्सची वेबसाइट काल सुरू झाली. कशेळे-कर्जत रस्त्यावर स्वतःची वेबसाइट असलेली ही पहिलीच जीप. एकूण जीप एक. पण सुरुवात आहे.

पहिलं काम, दगड बंद करणे. वरच्या वाडीच्या फाट्यावर एक दगड आहे. ज्याला उशीर होणार तो कुणाच्या तरी हाती आपली पिशवी पुढे पाठवतो, ती त्या दगडावर ठेवली जाते. पिशवी दिसली की आमचा ड्रायव्हर मंगळ्या जीप उभी करतो. पिशवी कुणाची, माणूस कुठे, किती वेळ, काही विचारायचं नाही. परवा आंबाड्याच्या एका पिशवीसाठी वीस मिनिटं. आतले चौदा जणही मुकाट बसून. मी विचारलं तर मंगळ्या म्हणाला, "शेठ, पिशवी आली म्हंजे मानूस निघालंय ना."

यापुढे मेसेज. वेबसाइटवर फॉर्म आहे. नाव, मोबाईल नंबर आणि खाली चौकोन: 'मला संदेश पाठवण्यास माझी संमती आहे.' चौकोनात टिक आधीच करून ठेवली आहे. लोकांचे कष्ट वाचावेत.

पहिली संमती माझी. दुसरी संध्याची. ती तेव्हा झोपली होती, पण बायकोची संमती नवऱ्याला ठाऊक असते.

४ जून, बुधवार

आरोही सुट्टीला घरी आली आहे. पुण्याला वकिलीच्या दुसऱ्या वर्षाला. फॉर्म बघून म्हणाली, बाबा, आधीच टिक केलेली असेल तर ती संमती नव्हे, तो तुमचा अंदाज. माणसाने स्वतः टिक करायला हवी, कशाला करतोय ते कळून.

मी म्हटलं, ज्याला नको असेल त्याने टिक काढावी, दरवाजा उघडाच आहे. त्यावर संध्या पोळ्या लाटता लाटता म्हणाली की मला सकाळपासून तुमच्या जीपचे चार मेसेज आले, दरवाजा कुठाय?

छातीत जरा जळजळ. दुपारचा वडापाव असावा.

संमती: २.

७ जून, शनिवार

वेबसाइट कुणी उघडत नाही. म्हणून मीच कशेळ्याच्या बाजारात मोबाईल घेऊन उभा राहिलो. माणसाला नाव विचारायचं, नंबर विचारायचा, फॉर्म आपण भरायचा. टिक आहेच. एका दिवसात ६१! वेबसाइट बनवून मेसेज पाठवणाऱ्या पुण्याच्या कंपनीने सांगितलं होतं, पहिल्या महिन्यात वीस मिळाले तरी नशीब. त्यांना कशेळं माहीत नाही.

वरच्या वाडीची गौराबाई तेवढी अडली. रानभाजीचे वाटे लावून बसली होती. विचारलं, "संमती म्हंजे काय वं भाऊ?" मी म्हटलं, हो म्हणायचं. म्हणाली, "कशाला हो?" मागे सात-आठ माणसं खोळंबलेली. मी म्हटलं, अहो, तुम्हाला उशीर झाला तर जीप तुमच्यासाठी थांबेल, त्याला हो. मग लगेच म्हणाली, "त्याला हाय की. तसं सांगा ना आदी."

नंबर तिच्या नातीचा दिला, जनाचा. पोरगी बारावी झाली. खोपोलीला शिळफाट्याजवळच्या एका संस्थेत नर्सिंगला नंबर लागतोय. सत्तावीस तारखेला कागद तपासणार, दुपारी बाराच्या आत. वाडीतून नर्सिंगला जाणारी पहिलीच. गौराबाईने मला दोनदा विचारलं, "त्या दिशी जीप थांबंल ना?" मी दोनदा शब्द दिला.

फॉर्ममध्ये जीप थांबण्याबद्दल एक अक्षर नाही, हे खरं. पण हेतू तोच होता.

संमती: ६३.

१० जून, मंगळवार

मराठी मेसेजला सत्तर अक्षरं. काना, मात्रा, वेलांटी सगळं वेगळं मोजतात. सत्तरच्या वर गेलं की दोन मेसेज धरतात. मूळ मजकूर होता: 'विकास जीप ९.१५ ला फाट्यावर. आमचे संदेश थांबवण्यासाठी थांबा असे लिहून पाठवा.' लांबला. कात्री चालवली. आता: 'विकास जीप ९.१५ फाट्यावर. थांबवण्यासाठी थांबा असे पाठवा.' बसलं! भाषेवर हुकमत असल्याशिवाय हे जमत नाही.

जो 'थांबा' पाठवेल त्याचं नाव यादीतून आपोआप जातं. त्याला उत्तरही जातं. कंपनीचं उत्तर फारच कोरडं होतं. मी घातलं: 'आपली विनंती मान्य आहे. निश्चिंत राहा.' माणूस सोडून चालला तरी गोडीने सोडावा.

जीपच्या पाठीवर रंगवून घेतलं: आता विकास थांबणार नाही. पेंटर स्वतःशीच हसत होता. आपल्या कामावर खूश असावा.

१३ जून, शुक्रवार

मंगळ्याच्या मोबाईलवर यादी टाकून दिली आणि हुकूम दिला. यादीत नाव असेल त्याच्यासाठी पाच मिनिटं थांबायचं. यादीत नाव नाही, तर दगडावर सोन्याची पिशवी असली तरी निघायचं. शंका आली तर मला फोन. मंगळ्या म्हणाला, "आनि पिशवीला काय सांगू?" त्याला विनोदाची सवय लावून ठेवली ती मीच.

आज जीप अकरा मिनिटं लवकर पोचली. यश.

१७ जून, मंगळवार

नऊ जणांनी 'थांबा' पाठवलं. नऊही वाड्यांवरचे. कर्जत गावातला एकही नाही. वाईट वाटलं. आपण माणसाला वेळ सांगावी आणि त्याने तोंडावर थांबा म्हणावं?

त्याच दिवसांत तक्रारीही आल्या, जीप टाकून गेली म्हणून. चौकशी केली. यादीत नावच नाही त्यांचं. स्वतः नको म्हणायचं आणि वर रुसायचं.

फाट्याजवळच्या रिसॉर्टचा मॅनेजर प्रवीण भेटला. तुमच्या यादीवर आमचा पण एक मेसेज सोडा म्हणाला. फॉर्ममध्ये 'संदेश' असं लिहिलंय, कुणाचे ते लिहिलेलं नाही. सोडला. 'शनिवारी पूल पार्टी, जोडीला प्रवेश मोफत.' संध्याकाळी मंगळ्याने विचारलं, "शेठ, बायकोला पूल पार्टीचं बोलावनं आलंय. ती तितंच भांडी घासते. पार्टीला आदी जाऊ द्यायची का भांडी आदी?"

पुन्हा जळजळ. आज वडापाव खाल्लेला नाही. मिसळ होती.

२१ जून, शनिवार

'थांबा'वाले ३१. मी कारण शोधलं: तंत्रज्ञानाची भीती. उपाय: जनजागृती. कधी ते ठरवायचं आहे.

गौराबाई बाजारात भेटली. जनाने दोनदा सांगून ठेवलंय की मेसेज कसा पाठवायचा ते तिला कळलंय, काळजी नको. म्हणाली, "एक दाखला तेवढा यायचा हाय. तलाठी त्याच सकाळी वाडीवर द्येतो म्हनलाय. तितूनच घेऊन खाली पळायचं. धा मिनिटं मागंपुडं व्हईल, जीप हाय म्हनून जिवाला बरं." मी म्हटलं, मी स्वतः फाट्यावर उभा राहतो त्या दिवशी.

निश्चय: २७ तारखेला स्वतः फाट्यावर. लाल शाईने लिहितो.

२७ जून, शुक्रवार. सकाळी ७.३०

आज जनाचा दिवस. फाट्यावर जाणारच होतो, पण प्रवीण दहा वाजता पुढच्या मेसेजबद्दल बोलायला येतो म्हणाला. आणि मी उभा राहून जीप जास्त थांबते असं थोडंच आहे? यंत्रणा कशाला उभारली मग?

सकाळी ९.२५

मंगळ्याचा फोन आला होता. दगडावर निळी पिशवी आहे म्हणाला. "गौराबायची हाय शेठ. वळखतो मी. थांबू?" मी यादी उघडली. गौराबाईचं नाव नाही. ८.५२ ला 'थांबा' पाठवलेलं.

खरं लिहायचं ठरलंय म्हणून लिहितो, मला राग आला. दोनदा शब्द घेतला आणि ऐन दिवशी संबंध तोडला. मी मंगळ्याला सांगितलं, त्यांनी संमती काढून घेतली आहे. त्यांच्या इच्छेचा मान राखायला हवा. तो म्हणाला, "शेठ, पिशवी हाय हो." मी म्हटलं, निघ.

गेला.

संध्याकाळी ६.००

गौराबाई आणि जना दाखला घेऊन ९.२७ ला फाट्यावर आल्या. जीप दिसली नाही, पण जना आजीला म्हणत होती की मेसेज केलाय, उत्तर आलंय, 'विनंती मान्य आहे, निश्चिंत राहा.' म्हणून त्या निश्चिंत राहिल्या. पाऊण तास. मग बाराची एसटी, मग कर्जतहून खोपोलीची. शिळफाट्यावर पोचेतो अडीच. खिडकी बंद. शिपायाने सांगितलं, प्रतीक्षा यादीत नाव लिहितो, आता तुम्ही थांबा.

हे सगळं मंगळ्याने सांगितलं. एकदाही शेठ म्हणाला नाही.

आरोहीने यादी मागितली. वाड्यांवरची 'थांबा'ची नावं आणि त्यांच्या वेळा बघितल्या. सगळे मेसेज सकाळी साडेआठ ते नऊ. मला तिने एकच प्रश्न विचारला: बाबा, जीप थांबवायची असेल तर मराठीत काय म्हणतात?

मी म्हटलं, सत्तर अक्षरं होती.

२८ जून, शनिवार

दोष कुणाचा याचा शांतपणे विचार केला.

एक, पुण्याच्या कंपनीचा. दोन, सत्तर अक्षरांचा. तीन, मराठीचा. एखादी गोष्ट बंद करणे आणि कुणाची तरी वाट बघणे याला एकच शब्द ठेवणारी भाषा.

कंपनीला फोन केला. शब्द बदलायला कामाचे सात दिवस लागतील.

मंगळ्याला म्हटलं, पिशवी दिसत होती तर थांबायचं होतंस की. हे वाक्य लिहायला नको होतं. खोडत नाही, खरं लिहायचं ठरलंय.

कालपासून काही खाल्लेलं नाही. तरी जळजळ.

२९ जून, रविवार

वाडीवर जाऊन माफी मागणार. आज रविवार, घरी माणसं असतात. सगळ्यांसमोर त्यांना अवघड वाटेल.

३० जून, सोमवार

सोमवारी घरी कुणी नसतं.

संध्याने विचारलं, जाऊन आलात का? मी म्हटलं, योग्य वेळ बघतोय. ती म्हणाली, जनानेही योग्य वेळच बघितली होती, ८.५२.

३ जुलै, गुरुवार. संध्याकाळी ५.४०, फाट्यावरून

गेलो. दुपारच्या जीपने आलो, फाट्यावर उतरलो. मंगळ्याला म्हटलं, साडेचारला परत येशील तेव्हा थांब. तो म्हणाला, "यादीत नाव हाय ना?" म्हटलं, पहिलंच. जाताना छत्री दगडावर ठेवली. का ठेवली ते माहीत नाही. वर जाईपर्यंत भिजलो.

गौराबाईने बसायला दिलं, कोरा चहा दिला. ओरडेल असं वाटलं होतं, तशी तयारी करून गेलो होतो. सत्तर अक्षरांचं सगळं समजावलं. ती ऐकत होती. मग म्हणाली, "भाऊ, आमी थांबा म्हनलं तं तुमी गेलात. मंग थांबा म्हनायचं नसंल तं काय म्हनायचं, येवढं सांगा."

जना दारात कागद सुकवत होती. दाखला भिजला होता त्या दिवशी. प्रतीक्षा यादीत तिसरी आहे. पंधरा तारखेला कळेल, कदाचित नाहीही. मी म्हटलं, पंधराला मी स्वतः जीप घेऊन येतो, दारातून नेतो, दारात आणतो, एक पैसा नको.

गौराबाई म्हणाली, "नको."

मी म्हटलं, अहो पण. ती म्हणाली, "नको भाऊ. यष्टीनं जाऊ. ती थांबत नाय ते आमाला म्हाईत हाय."

जना हसली नाही, पण मान वर केली. म्हणाली, "काका, हाच टाकायचा होता शब्द. 'मेसेज नको असतील तर नको पाठवा.' अक्षरं पण कमीच लागली असती." अठरा वर्षांची पोरगी. एवढ्या महिन्यात तिला कुणी विचारलं नाही. मी एकसष्ट जणांचे नंबर विचारले बाजारात, दुसरं काही विचारलं नाही.

उतरायला उशीर झाला. वरच्या वळणावरून खाली जीप दिसली, दगडापाशी उभी. हाका मारल्या. पावसात कुणाला ऐकू जाणार. फोन लागेना, मेसेज तेवढा जात होता. घाईघाईत हाताला आला तो शब्द पाठवला. दुसरा मी ठेवलाच नव्हता.

थांबा.

मंगळ्या खाली उतरला. छत्रीकडे बघितलं. मोबाईलमध्ये यादी बघितली. पुन्हा छत्रीकडे बघितलं. मग चढून बसला आणि जीप निघाली. पाठीवरची अक्षरं वळणापर्यंत स्वच्छ वाचता येत होती. पेंटरने काम चांगलं केलंय.

खिशात मोबाईल वाजला. आपली विनंती मान्य आहे. निश्चिंत राहा.

एसटी सव्वासहाला. छत्री उघडून दगडावर बसलो आहे.