पुढच्या डाव्या चाकाचा धागा

बाबा,

आज गॅरेजचं शटर ओढताना कंबर धरली आणि तुम्ही आठवले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी हातात पाना घेतला की तुम्ही मागे उभे राहून पाहून राहिले असंच वाटतं. तुम्ही गेले तेव्हाच्या तुमच्या वयापेक्षा आता मी मोठा आहे. थकलो, बाबा. एक गोष्ट सांगायची राहिली आहे, ती सांगून टाकावी म्हणून बसलो.

इतवारीतल्या शेठची ती विलायती गाडी आठवते ना? ठेंगणी, मागचं दार वर उघडणारी, दोन मालक फिरून आलेली. शेठ आठवडाभर कापड विकायचे आणि हिवाळ्यातल्या रविवारी रामटेक रोडकडच्या बंद पडलेल्या धावपट्टीवर, रिकाम्या पिंपांना वळसे घालत ती पळवायचे. दर शनिवारी गाडी आपल्या दारात, आणि दुखणी तीच. पाणी उकळायचं, तिसरा गिअर निसटायचा, इंजिनाखालचं रबर फाटायचं, ब्रेक दाबला की गाडी एका बाजूला ओढायची. मी चिडायचो, तुम्ही नाही. माग सोडून पंधरा वर्षं झाली होती, पण हात विणकराचाच राहिला होता. खोललेल्या प्रत्येक नटाजवळ तुम्ही लाल सुताचा तुकडा बांधायचे. काम कोणीही करो, तुमचा हात फिरल्यावर तो तुम्हीच सोडायचा. सगळे धागे सुटले की गाडी तयार.

मी तेव्हा तिशीचा, दोन लेकरांचा बाप. त्या शनिवारी मी बसवलेलं चाक तुम्ही शेठच्या देखत पुन्हा खोललं. चूक काहीच नव्हती. पाहिलं आणि परत लावलं. शेठ हसून म्हणाले, पोरावर भरवसा नाही का? तुम्ही माझ्याकडे पाहून म्हणाले, "घट्ट लागलं म्हणजे बसलं, असं नाई होत गा." एवढंच. पण माझे कान तापले. मग पुढच्या डाव्या चाकाची ब्रेकची नळी बदलायला सांगून तुम्ही जेवायला गेले. मी नळी बदलली, नट कसला, पेडल दहादा दाबून पाहिलं. तेलाचा एक थेंब गळला नाही. म्हटलं, आता हे काम तरी माझं राहू द्या. धागा सोडला आणि खिशात टाकला. तुम्ही आले, चारी चाकांपाशी वाकले, धागा कुठेच दिसला नाही, म्हणजे सगळं आपल्या हातून पाहून झालं असं धरून गाडी देऊन टाकली.

दुसऱ्या दिवशी आपण दोघं धावपट्टीवर पाहायला गेलो. तिसऱ्या फेरीला ब्रेक लागलाच नाही, गाडी वळली नाही. पिंपं उडवत सरळ तुरीच्या शेतात घुसली. शेठचा हात मोडला. जीव वाचला, हे नशीब. तुम्ही चिखलात बसून चाक काढलं. नळीचा नट आट्यांवर तिरपा चढला होता, म्हणूनच मला घट्ट वाटला होता; धक्क्यांनी तो सुटून ब्रेकचं तेल सगळं गळून गेलं होतं. तुमच्या बोटांना ते लगेच कळलं असतं. तुम्ही धागा शोधला, तो नव्हता. मग शेठजवळ जाऊन म्हणाले, "माहा हात चुकला." मी बाजूलाच उभा होतो. धागा खिशात होता.

शेठची गाडी पुन्हा आपल्या दारात आली नाही. तुम्ही त्यानंतर ब्रेकच्या कामाला हात लावला नाही, आणि वर्षभरात गॅरेजमध्ये येणंही सोडलं. घरी गॅसच्या बटणाला, मागच्या दाराच्या कडीला लाल धागे बांधायला लागले. मी कामावरून आलो की हाक मारायचे, "तू पाहून घे गा, माह्या हाताचा भरवसा नाई राहिला." मी पाहायचो आणि धागा सोडायचो. किती वर्षं सोडले, बाबा.

आणि हे तर त्याहून वाईट. त्या दिवशी धावपट्टीवरून परतताना स्कूटरवर मागे बसून तुम्ही विचारलं होतं, "तो नट मी पाह्यला होता ना गा?" तुम्हाला आठवत नव्हतं, आणि कसं आठवणार? मी मान न वळवता हो म्हणालो.

हे पत्र टेबलाच्या खणातच राहील. तुम्ही असते तरी दिलं नसतं. खरं सांगू, आज तुम्ही पुन्हा तसंच विचारलं, तरी मी हो म्हणेन असं वाटतं.