चौथं नाव

प्रिय एर्मेकदादा,

हे पत्र तालायच्या हाती देतोय. सायराकाकूंचा तालाय परवा येकातेरिनबुर्गला कामाला निघालाय. त्याच्या थैलीत काकूंनी लोणच्याची बरणी घातली आहे हे कळल्यावर मी पत्र दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळलं. वरून दोरा बांधला. तू शेवटचा ज्या वसतिगृहातून बोललास तिथे तो आधी जाईल, मग बाजारातल्या आपल्या गावकऱ्यांकडे विचारेल. तुझा नंबर दोन हिवाळे बंद आहे. तरी मी लावतो. फोनमधली बाई रशियन भाषेत तेच सांगते आणि मी तिचं पूर्ण ऐकून घेतो. मधेच ठेवला आणि नेमका तेवढ्यात लागला असता तर, असं वाटतं.

घरी ठीक आहे. छप्पर शाकारलं. गाय व्यायली, कालवड झाली. आईचे गुडघे धरतात, त्यामुळे स्वयंपाकघर आता बुरुलवहिनीच बघते. तुमच्या लग्नाच्या वर्षी तिच्या शेवया पाहून तू म्हणाला होतास, "ही शेवया वळते की गाय बांधायचा दोर?" आता येऊन बघ. पोळी इतकी पातळ लाटते की खालच्या फडक्यावरची फुलं दिसतात. रोजचंच जेवण असतं, मटणाचा रस्सा, बटाटे, शेवया. मटण नसेल तेव्हा नुसताच रस्सा. पण वाडगे मांडताना ती चुलीजवळची तुझी जागा मोकळी ठेवते. तिला कोणी सांगितलेलं नाही. आईच्या वाडग्यात मीठ कमी असतं, माझ्यातला शिजलेला कांदा काढलेला असायचा. मला तो आवडत नाही हे मी तिला कधी बोललो नव्हतो. सायराकाकूंनी एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "दिराचे लाड चाललेत हो!" त्या दिवसानंतर मी माझा वाडगा स्वतः वाढून घेऊ लागलो होतो. पण मला कांदा नीट वेगळा करता येत नाही, म्हणून वाडगा पुन्हा तिच्याच हाती दिला.

गुरुवारचं तेल चुकलेलं नाही. आई कढई तापवते, वहिनी पीठ लाटून चौकोन कापते, आणि बोर्सोक फुगून वर आले की वास अंगण ओलांडून रस्त्यापर्यंत जातो. गेलेल्यांना आपलं अन्न पोचत नाही, वास तेवढा पोचतो, असं आजी सांगायची, तुला आठवत असेल. बाबा गेले, तू निघून गेलास, तेव्हापासून कढईपुढे बसून कुराण मी म्हणतो आणि मग नावं घेतो. आजोबा, आजी, बाबा. चूक होऊ नये म्हणून आधी गोठ्यात जाऊन पुटपुटून घेतो. गायीला आता पाठ झालं असेल.

गेल्या रविवारी तालायच्या निरोपाचं जेवण होतं. काकूंनी मेंढा कापला होता. सगळी आळी दस्तरखानाच्या चादरीभोवती बसली, ज्याच्या त्याच्या वयाप्रमाणे, मानाप्रमाणे मांसाचे तुकडे वाढले गेले. उठताना बायका घरच्यांसाठी वाटा बांधून घेतात, तेव्हा आई काय करते हे तुला माहीत नाही. तू गेल्यापासून प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात ती पहिला वाटा तुझा बांधायची. एक बरगडी, मूठभर बोर्सोक, दोन गोळ्या. घरी आणून फळीवर ठेवायची आणि सकाळी म्हणायची, "एर्मेकला उशीर होतोय, खाऊन टाका." मागे एका लग्नात काकूंनी टोमणा मारला होता, "अगं, पोरगा रशियात आणि बरगडी पिशवीत! पोस्टानं धाडतेस की काय?" आई म्हणाली होती, "तुझ्या पिशवीतली साखर आधी मोज, मग माझी बरगडी मोज." सगळ्या हसल्या होत्या.

त्या रविवारी आईनं तीनच वाटे बांधले. कोणी टोमणा मारला नाही. काकूंनी स्वतःहून एक बरगडी पुढे केली, आईनं ती परत ताटात ठेवली. मी दारात बूट घालत होतो. एका पायातला बूट दुसऱ्या पायात गेला.

घरी आल्यावर मला म्हणाली, "रोजे संपतायत. ईदला आळी घरी येईल तेव्हा चौथं नाव घे."

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा मी आयुष्यात पहिल्यांदा तिच्यावर ओरडलो. म्हटलं, तुला कोणी सांगितलं? कोणी पाहिलं? आई पीठ मळत होती. हात थांबला नाही तिचा. म्हणाली, "कोण सांगणार? मी आई आहे. तसं काही असतं तर माझ्या छातीला आधी कळलं असतं. जिवंत आहे मेला, आणि तिकडं पोटभर जेवतोय." मग मी विचारलं, तर मग नाव कशाला घ्यायचं? जिवंत माणसाच्या नावानं तेल तापवायचं? तिनं दाराबाहेर पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाली, "पाप लागेल ते मला लागू दे. ही पोर माझ्या कढईपाशी उभी राहून म्हातारी होईल रे. विधवा झाली तर कोणी तिला काही म्हणणार नाही. टाकलेली म्हणूनच म्हणतात सगळे."

वहिनी बाहेर पाणी भरत होती. बादलीचा आवाज मधेच थांबला होता, एवढं माझ्या लक्षात आहे.

आता जे लिहायला बसलो होतो ते लिहितो. दुसऱ्या दिवशी सायराकाकू आल्या. चहा घेता घेता म्हणाल्या, "घरातली सून घरातच राहील की. धाकटा आहे ना लग्नाचा? जुन्या लोकांनी असंच केलंय." आईनं हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. वहिनी रस्सा वाढत होती. त्या दिवशी माझ्या वाडग्यात कांदा होता. तेव्हापासून रोज असतो. मी खातो. दादा, तू कोणाबरोबर राहतोस, का फोन करत नाहीस, मला काही सांगू नकोस. पत्र मिळालं तर ईदच्या आत एकदा फक्त फोन वाजव. बोलायला नको. नंबर दिसला की मी सगळ्यांसमोर तीन नावांवर थांबेन, मग आई काहीही म्हणो. वाजला नाही तर मला ते नाव घ्यावं लागेल, आणि त्यानंतर जे होईल ते माझ्या हातात राहणार नाही. काल गोठ्यात जाऊन मी ते एकदा म्हणून पाहिलं. आजोबा, आजी, बाबा, एर्मेक. वाटलं होतं, अडखळेन. अडखळलो नाही. तेव्हापासून मला माझीच भीती वाटते आहे. म्हणून लिहिलं.

तुझाच,
धाकटाच राहू इच्छिणारा
कुबात