केवडाबंदरचं दार

मुलुंड (पूर्व),
मंगळवार, ६ ऑक्टोबर १९८७

प्रिय नलू,

तुझं पत्र दसऱ्याच्या आदल्या दिवशी मिळालं. सोबत आपट्याची पानं घालते आहे. बंगलोरला पोचेपर्यंत त्यांचा भुगा होईल, तरी असू देत. इकडे सगळं ठीक. ह्यांचं ब्लडप्रेशर आटोक्यात आहे, जीभ मात्र नाही. तुझ्या नातवाला दात येताहेत हे वाचून बरं वाटलं.

तू आधीच्या पत्रात लिहिलं होतंस, "नवी माणसं घ्या, नाहीतर आपला बुधवार बंद पडेल." घेतली. कशी घेतली ते सांगते. वाचताना काही खात असलीस तर आधी ते संपव.

वनूनं तिचे दीर आणले, अंबादास. पोस्टातून रिटायर झालेले, विधुर. बायकांच्या खेळात पुरुष! माणिकनं तिच्या खालच्या मजल्यावरची प्रेमा आणली. मालवणकडची आहे, नवऱ्याची गिरणी संपात गेली, आता तो रिक्षा चालवतो. आपल्या पोरींच्या वयाची असेल.

माझ्याच टेबलावर, इस्त्रीच्या पांढऱ्या टेबलक्लॉथवर, मी केवडाबंदर पसरलं. शाळेच्या बोर्डिंगात गालगुंडं झाली म्हणून सिस्टरनी आपल्या चौघींना वेगळ्या खोलीत कोंडलं होतं, तेव्हा तू काढलेला तोच पुठ्ठा. मी दोघांना नीट समजावलं. हे एक बंदर. प्रत्येकानं इथलं एक माणूस व्हायचं. सांगणारी सांगते समोर काय घडलंय, आणि विचारते, "तू काय करतेस?" आपण काय करतो ते बोलायचं. जमेल की नाही अशी शंका असली तर फासा टाकायचा. वनू इथली सुईण. मी नाकेदार. माझ्या दारातूनच माणूस आत येतो, माझ्या दारातूनच बाहेर जातो. सांगायचं काम तू गेल्यापासून सध्यापुरतं माणिककडे आहे.

"मग जिंकतं कोण?" अंबादास म्हणाले.

"कुणीच नाही."

"अरेच्चा! म्हणजे चहा पिऊन घरी जायचं?"

आणि तो चहा त्यांनी बशीत ओतून असा ओढला की आतून ह्यांनी विचारलं, "गॅस गळतोय का गं?"

एवढ्यावर भागलं असतं तर मी लिहिलं नसतं. अंबादास फासा टाकण्याआधी बोटाला थुंकी लावतात. दरवेळी! मग मुठीत धरून त्यावर फुंकर मारतात. तो ओला फासा टेबलावर गडगडत माझ्यापुढे येतो आणि मी तो उचलायचा. पहिल्या दिवशी मी रुमालात धरून उचलला, तर म्हणतात, "काय वहिनी, सर्दी झाली का?" प्रेमानं घरून बटाटेवडे आणले, फार प्रेमानं आणले, आणि तेलकट बोट पुठ्ठ्यावर टेकवून विचारलं, "काय गो ताई, ह्या पाणी काय?" समुद्रावर डाग पडला, नलू. तू निळ्या शाईनं एकेक लाट काढली होतीस. ते गेल्यावर मी त्यावर टाल्कम पावडर चोळत बसले. डाग निघाला नाही. शेंगदाण्याची सालं तर मला अजून सोफ्याच्या फटीत सापडताहेत.

किळस आली तरी चेहऱ्यावर दिसू द्यायची नाही, एवढं सिस्टरनी आपल्याला शिकवलं. चेहऱ्यावर मी दिसू दिली नाही. दार मात्र उघडलं नाही.

अंबादास हिंगाचे व्यापारी होऊन गाडी घेऊन आले. त्या गाडीत प्रेमा, परगावची पोटुशी बाई. माणिकनं मला विचारलं, "नाकेदार, तू काय करतेस?"

"विचारते, कुठून आलात? कुणाची ओळख? ओळख नसेल तर बाहेर थांबा."

त्या बुधवारी ते बाहेर थांबले. पुढच्याही. मला वाटलं, कंटाळून जातील. कसले जाताहेत! अंबादासांनी वेशीबाहेर चूल मांडली. प्रेमा म्हणाली, "आम्ही हयच बाजार मांडतो." माणिक खुदकन हसली आणि तिनं त्यांना गिऱ्हाईकं द्यायला सुरुवात केली. कोळी आले, एक हरवलेला हत्ती आला. त्या हत्तीला प्रेमानं वडा भरवला, खोटा खोटा, पण अशी घाबरत हात पुढे करून की वनू ओरडली, "अगं हळू!" मी माझ्या नाक्यावर बसून होते. माझ्याकडे कुणी काही विचारतच नव्हतं. माझ्याच घरात, माझ्याच टेबलाशी.

गेल्या बुधवारी प्रेमाला कळा सुरू झाल्या. खेळात गं. पण ती टेबलाची कड धरून असं "आये!" म्हणाली की हे पेपर टाकून बाहेर आले. वनू म्हणाली, "उत्तरा, दार उघड. मला जाऊ दे तिच्याकडे."

मी म्हटलं, "ओळख नसलेल्या माणसांसाठी दार उघडत नाहीत."

"अगं, बाळ येतंय!"

"बाळाची तरी कुठे ओळख आहे?"

हे मी बोलले, नलू. बोलून झाल्यावर कानावर आलं. माणिकनं हातातला फासा खाली ठेवला. "काय गं हे? वाट लावलीस ना खेळाची."

वनूनं वेशीवरून चढून जायचं ठरवलं. आपली वनू, दुखऱ्या गुडघ्यांची! फाशावर सहा पडले. ती पलीकडे उतरली, अंबादासांनी कंदील धरला, आणि मुलगी झाली. तिघं-चौघं एवढ्या मोठ्यानं हसत होते की शेजारणीनं भिंतीवर थाप मारली. मग माणिक माझ्याकडे वळली. आवाज अगदी तुझ्यासारखा केला होता तिनं, मुद्दाम नसेल.

"केवडाबंदरात आता आत कोण आहे?"

"मी."

"आणखी कोण?"

कुणी नव्हतं.

"तू काय करतेस?"

मी उठून कपबशा आवरायला लागले.

निघताना प्रेमा दारात थांबली. "ताई, माझा काय चुकला काय?" मी म्हटलं, "नाही गं, डोकं दुखतंय." तिनं मान हलवली. तिला ते पटलं नव्हतं, आणि मला तिची नाही, माझीच शिसारी आली.

आता जे तीन पानं टाळलं ते लिहिते. तुझा घाटकोपरचा ब्लॉक विकला गेला, हे मला वनूकडून कळलं. ऑगस्टमध्येच. तिला वाटलं मला ठाऊक आहे, आणि मी ठाऊक असल्यासारखी मान हलवली. तुझ्या पत्रात नातवाचे दात आहेत, बंगलोरची थंडी आहे, "माझी खुर्ची रिकामी ठेवू नका" हेही आहे. ब्लॉक नाही. मी वर्षभर ती खुर्ची पुसून ठेवत होते. पाहुणा आला तरी त्याला सोफ्यावर बसवत होते. हे म्हणायचे, "तिथे काय देव बसवलाय?" मला वाटत होतं, तू मे महिन्यात परत येशील आणि लाटा तशाच निळ्या असल्या पाहिजेत.

तेव्हा थुंकीची किळस खरी आहे, तेलाचीही खरी आहे. पण दार मी त्यासाठी लावलं नव्हतं.

तुला मला सांगवलं नाही, हे मी समजू शकते. मीही तुला विचारलं नाही. पण एक गोष्ट तू विसरलीस. केवडाबंदरातून जायचं तरी नाकेदाराच्या दारातून जावं लागतं. इतकी वर्षं मी प्रत्येकाला दार उघडून दिलं, माणिकच्या चुकून मेलेल्या खलाशालासुद्धा. तू माझ्या दारावर आलीच नाहीस. कुठून गेलीस गं?

उद्या बुधवार आहे. फाशासाठी एक वाटी काढून ठेवली आहे, वाटीत हलवून टाका म्हणून सांगेन. बोटाला थुंकी लावायला अंबादास तरीही विसरणार नाहीत. तुझ्या खुर्चीवर प्रेमाला बसवीन. बाळंतीण आहे, पाठीला उशी देईन. डाग असू दे.

माणिक विचारेल, "तू काय करतेस?" मी सांगेन, कडी काढते. बाहेरची माणसं आत येऊ देत. आणि तेवढ्यात तुला निघायचं असेल तर तूही ये. अडवणार नाही. फक्त क्षणभर थांब, मला तुझं तोंड बघू दे.

दाराची दोन्ही कवाडं उघडी धरून उभी असलेली, तुझीच,

उत्तरा