सात कोटींच्या घराची वाटणी

मी, मंदाबाई रूपराव उमाटे, वय ७६, सेवानिवृत्त गणित शिक्षिका, राहणार अल्लीपूर, तालुका हिंगणघाट, जिल्हा वर्धा, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता हे लिहून ठेवत आहे. शुद्धीचा दाखला जोडला आहे. डॉक्टरांनी शंभरातून सात-सात वजा करायला सांगितले. मी दोनपर्यंत आले आणि पुढे ऋण संख्यांत शिरले, तेव्हा त्यांनीच थांबवले.

१. माझ्या सोन्याच्या पाटल्या थोरली सून अंजू हिला. या घरात प्रश्न पूर्ण ऐकून मग उत्तर देणारी ती एकटीच आहे.

२. राहते घर मुकेश व अंकुश या माझ्या दोन मुलांना, समाईक. घराच्या दर्शनी भिंतीवर नावाऐवजी ७३९३९१३३ ही संख्या आहे. एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानेच भाग जात नाही. उजवीकडचा एकेक अंक खोडत गेलात तरी उरलेली संख्या अविभाज्यच राहते, थेट सातापर्यंत. अशी याहून मोठी संख्या नाही. चिंधू पेंटरने मात्र "बाई, मोबाइलचे दहा आकडे असतेत" म्हणून मनाने शेवटी दोन शून्ये रंगवली, आणि माझ्या घराला शंभराने भाग जाऊ लागला! ती शून्ये मी स्वतः खरवडली. चिंधूला मी माफ केलेले नाही.

३. मुकेशच्या कूलरचे पाणी अंकुशच्या मोटारसायकलवर गळले, तेव्हापासून भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत. मधोमध भिंत घालायला अंगणात विटा येऊन पडल्या आहेत. मला याचे फार वाईट वाटते. म्हणून मी अट लिहिली होती: आधी या संख्येला भागून दाखवा, मग घर. वकील मधुकरराव झाडे म्हणाले, "बाई, अशक्य अट कोर्टात टिकत नाई." ते माझेच विद्यार्थी, भागाकारात कच्चे, पण कायद्यात पक्के.

४. सबब सुधारित अट अशी. भिंतीची पहिली वीट ठेवण्यापूर्वी दोघांनी ओसरीवर एकत्र बसून या संख्येला तिच्या वर्गमुळापर्यंतच्या, म्हणजे ८५९८ च्या आतल्या, प्रत्येक अविभाज्य संख्येने हाताने भागून पाहावे. एकाने भागावे, दुसऱ्याने तपासावे. हजारावर भागाकार होतील. त्यापुढे का जायचे नाही, हे अंकुशला आठवत नसेल तर त्याने मुकेशला विचारावे. दोघांचे मोबाइल तोवर अंजूकडे राहतील. एवढे करूनही भिंत हवीशी वाटली, तर खुशाल घालावी.

५. अंमलबजावणी अंजूने करावी. हे वाचून ती म्हणाली, "आई, हे भागाकार करतीन का भांडत बसतीन?"

मी म्हटले, "भांडाले तरी बोलाच लागते नं, पोरी."

हे मी वाचून, तपासून, साक्षीदारांसमक्ष सही केली.

सही: मंदाबाई रूपराव उमाटे

साक्षीदार:
१. निकेश नत्थूजी भोयर, शेजारी
२. छाया जयवंत ढगे, सेवानिवृत्त शिक्षिका

स्थळ: अल्लीपूर
दिनांक: १७ मे २०२५